उघड्या खिडक्यांचा हिवाळा

२१ ऑक्टोबर

पोरी,

तुझी खुशाली विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. तरी विचारतो. बरी आहेस ना? छोटी बरी आहे ना? तिचे पुढचे दात पडले असतील एव्हाना.

इकडे थंडीची चाहूल लागली. परवापासून सकाळी अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. तुतीची पानं पिवळी होऊन गळायला लागली आहेत. रोज टोपलीभर झाडतो आणि झाडून वळतो तोवर मागे आणखी पाच-पंचवीस पडलेली असतात. म्हातारा वाकतो किती वेळा, ते झाड मोजत असावं. नदीवर सकाळी धुकं असं बसतं की पुलावरून जाणारा माणूस कमरेपासून वरच दिसतो, खाली पायच नसल्यासारखा. आणि ते शेपटी वरखाली करणारे करडे पक्षी आले, छोटी ज्यांना ‘हो-हो पक्षी’ म्हणायची. काही विचारलं की शेपटीनं ‘हो, हो’ म्हणतात म्हणून. काल मी एकाला विचारलं, येणार का रे आमची माणसं थंडीत? तो हो म्हणाला. आता त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा ते तू ठरव.

रजया काढून उन्हात घातल्या. दुपारी चारला स्वयंपाकघराच्या ओट्यावर उन्हाची पट्टी येते, तिथे पाठ करून चहा प्यायचा आणि शेगडीत रताळी भाजत ठेवायची. या वयात याहून जास्त काय लागतं?

ही, म्हणजे तुझी सासू, बरी आहे. तिला हल्ली मोकळ्या हवेची फार आवड लागली आहे. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकते. मी म्हटलं, अगं गारठा भरतो घरात. म्हणाली, “भरू दे.” मग आम्ही दोघं स्वेटर, मफलर, कानटोपी चढवून जेवायला बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हे दोघं परगावी निघालेत आणि गाडी चुकली आहे.

गिझर काढून टाकला. पाणी शेगडीवरच तापवतो. त्या बाथरूममध्ये आता कोणी अंघोळ करत नाही, तेव्हा तुला तीही काळजी नको. थंडीभर येऊन राहा. तुझी खोली तशीच आहे.

— बाबा


६ नोव्हेंबर

पोरी,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, माझं पत्र म्हणजे काही वकिलाची नोटीस नव्हे.

आज मी तुला नदीवर उतरलेल्या बदकांबद्दल लिहिणार होतो. शंभरएक असतील, पहाटे एकदम कलकलाट करतात. पण काल भाजीबाजारात एक गोष्ट झाली आणि बदकं बाजूला राहिली.

मी मटार घेऊन निघालो होतो. मागून कोणीतरी म्हणालं, “काका, पिशवी द्या इकडे, फाटकापर्यंत पोचवतो.” वळून बघितलं तर आपला गिझरवाला. माझा भुंग्या गेला त्याच्या दहाच दिवस आधी ज्यानं आपला गॅसचा गिझर खोलून साफ करून दिला होता, तो. अंगावर पोत्याचा तुकडा, खांद्यावर क्रेटचे वळ. हमाली करतो आता. त्याचं लायसन्स काढून घेतलं, अठरा दिवस कोठडीत होता, हे तुला माहीत आहेच. सुटल्यावर कोण त्याला घरात गिझरला हात लावू देणार?

मी नको नको म्हणत होतो, तोवर त्यानं पिशवी घेतली होती. चालता चालता म्हणाला, “काका, तुम्ही माझ्याशी बोलू नका, तुमचं बरोबरच आहे. पण एक सांगू? मी रोज मनात तो बर्नर उघडतो. एकेक भाग काढतो, पुसतो, परत बसवतो. कुठे चुकलो ते सापडत नाही.”

फाटकाशी त्यानं पिशवी दिली, हात जोडले आणि गेला.

घरी येऊन हिला सांगितलं. सांगायला नको होतं. ही ओट्याशी उभी होती, तिनं मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, “त्याच्याकडून ओझं उचलवून घेतलंत?”

“त्यानंच घेतली पिशवी. मी काय करणार?”

“तुम्ही काय करणार,” असं एवढंच म्हणाली. ते मटार कोपऱ्यात पडून आहेत. तिनं सोललेही नाहीत आणि मला सोलू दिले नाहीत.

भुंग्याला आज सकाळी ही हाक मारत होती, झोपेत. लहानपणापासून तो सारखा काहीतरी गुणगुणायचा, म्हणून हिनंच त्याचं ते नाव पाडलं होतं. लग्नानंतर तू त्याला चारचौघांत भुंग्या म्हणालीस तेव्हा तो केवढा लाजला होता. मी हसत होतो, आणि ही मला डोळ्यांनी दटावत होती.

छोटीला थंडीत कान झाकून ठेव.

— बाबा


२३ नोव्हेंबर

पोरी,

हे पत्र छोटी जवळ नसताना वाच. शक्य असेल तर बसून वाच.

बारा डिसेंबरला चौकशी कचेरीत बोलावणं आलं आहे. वर्षभर रेंगाळलेली चौकशी आता संपवायची म्हणतात. माझा जबाब पुन्हा घेतील, मग कागद पुढे जातील, आणि गिझरवाल्यावर खटला उभा राहील. बोलावण्याचा कागद मी टेबलावर ठेवला. हिनं वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “तुम्ही सांगताय, की मी सांगू?”

मी सांगतो म्हणालो. सगळ्यात आधी तुला सांगतो.

गेल्या वर्षी तू छोटीला घेऊन तुझ्या आईकडे गेली होतीस. शनिवारी तुझा फोन आला. म्हणालीस, “बाबा, छोटीचा खोकला आत्ता कुठे कमी होतोय. आपल्या बाथरूमच्या झरोक्यातून फार गार वारा येतो. आम्ही यायच्या आत तिथे काहीतरी लावून ठेवाल का?” मी म्हटलं, बिनघोर ये, आजच करतो.

तू काहीतरी लावा म्हणाली होतीस. फडका कोंबला असता तरी चाललं असतं, अर्धा झरोका उघडा राहिला असता. पण मी पडलो सुतार. मी प्लायवूडची फळी मापात कापली, चारी कडांना रबराची पट्टी लावली आणि चार स्क्रूंनी ती झरोक्यावर आवळून बसवली. मग मेणबत्ती पेटवून कडेकडेनं फिरवून बघितली. ज्योत हललीसुद्धा नाही. तेव्हा मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. मी हिला म्हणालो, “ये बघायला. केसाएवढी फट नाही.” ही खाली स्टूल धरून उभी होती.

गिझर साफ करून झाल्यावर हात पुसता पुसता तो पोरगा मला सांगून गेला होता, “काका, हा झरोका कधी बंद करू नका हं. गॅसचा गिझर आहे, विषारी वायू आत कोंडतो.” मी हो म्हणालो होतो. आठ-दहा दिवसांत विसरलो. विसरलो की, एक दिवस काय होतंय असं वाटलं, ते मलाही आता सांगता येत नाही. दोन्ही मानून बघितलं आहे.

रविवारी सकाळी भुंग्या अंघोळीला गेला. मी अंगणात बसलो होतो. आतून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. ऊन कोवळं होतं, हातात चहा होता, तुतीवर चिमण्या भांडत होत्या. मी मनात म्हणत होतो, उद्या पोरगी आणि नात आल्या की घर भरेल. गुणगुणणं थांबलं. मला वाटलं, तोंडाला साबण लावत असेल. कप रिकामा झाला तरी मी तिथेच बसून होतो, कारण उठावंसं वाटत नव्हतं. मग हिनं आतून हाक मारली, “अरे, किती वेळ?” पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज बदलला.

दार मी तोडलं. शेजारच्या मास्तरांनी त्यांची गाडी काढली, हिच्या मांडीवर त्याचं डोकं दिलं. मास्तर म्हणाले, “चला, बसा.” मी म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, मी पैसे आणि कागद घेऊन मागून येतो.”

मी कागद घ्यायला थांबलो नव्हतो. मी स्टूल घेतलं, पेचकस घेतला, आणि ते चार स्क्रू काढले. माझा मुलगा त्या गाडीत होता, जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि मी स्टुलावर उभा राहून स्क्रू काढत होतो. फळी माझ्या कामाच्या बाकाखाली, बाकीच्या तुकड्यांत सारली. भोकांत मेण भरलं. काम स्वच्छ झालं.

दुपारी पोलीस आले. झरोका उघडा दिसला. विचारलं, “हा असाच असतो?” मी म्हणालो, “असाच असतो.” दोन शब्द. मग त्यांनी पंचनामा केला, फोटो काढले, आणि झरोका उघडा असून धूर कोंडला म्हणजे गिझरच्याच कामात खोट असणार, असं ठरलं. त्या पोरानं शंभरदा सांगितलं, मी बर्नर नीट लावला होता. त्याचं कोण ऐकतं?

तू आठव्या दिवशी निघून गेलीस. म्हणालीस, “या घरात माझ्यानं अंगावर पाणी घेववत नाही.” जाताना तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही. तुझ्या आईला तू नंतर सांगितलंस म्हणे, ‘बाबांना वाटतं मी घरी असते तर वेळेवर दार वाजवलं असतं, म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत.’ मला ते कळलं तेव्हा मी तुला एक ओळ लिहू शकलो असतो. नाही लिहिली. तुझा तो समज मला सोयीचा होता.

वर्षभर मी मनाशी म्हणत आलो की हे तुझ्यासाठी लपवलं. तुला कळलं तर तो फोन तुला आयुष्यभर खात राहील, म्हणून. थोडंसं ते खरं आहे. पण स्टुलावर चढलो तेव्हा तुझा विचार माझ्या डोक्यात नव्हता. चाळीस वर्षं लोक म्हणायचे, या सुतारानं बसवलेल्या खिडकीतून वारा येत नाही. मला तेवढंच वाचवायचं होतं.

तू एक गोष्ट विचारलीस. माहीत असून बंद केलं ते मी. यातला कुठला भाग कोणाचा, हे तू चुकूनही उलटं लावून घेऊ नकोस.

पाण्यावर आज पहिल्यांदा पातळ बर्फ धरला होता, बादलीत. सवयीनं लिहून गेलो. राहू दे.

— बाबा


२ डिसेंबर

पोरी,

काल गिझरवाल्याच्या घरी जाऊन आलो. कचेरीत त्याला हे परक्याच्या तोंडून कळू नये, असं हिचं म्हणणं पडलं. ती बरोबर येते म्हणाली, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसली. “तुम्ही जा वर,” म्हणाली.

धुलाईच्या दुकानावर एकच खोली आहे त्यांची. भिंतीवर त्याची हत्यारं टांगलेली, तेल लावून पुसलेली, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. हत्यारं अशी ठेवणारा माणूस कामात हयगय करत नाही, हे मला न सांगता कळायला हवं होतं. वर्षापूर्वी त्यानं माझ्या घरात पिशवी उघडली तेव्हाच मी बघितली होती.

त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी ते प्यायलो नाही. फळी कापडात गुंडाळून नेली होती, ती जमिनीवर ठेवली आणि सांगितलं. तुला जेवढं लिहिलं तेवढं सगळं.

त्यानं फळीच्या रबरी कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “पंचनाम्यात उघडा होता झरोका.”

“मी उघडला होता. नंतर.”

“म्हणजे तेव्हा बंद होता.”

“हो.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“मग बर्नर बरोबर होता?”

“बरोबर होता.”

“माझं काम बरोबर होतं?”

“हो रे.”

मला वाटलं होतं, अंगावर धावून येईल. मी त्या तयारीनं गेलो होतो, खरं तर त्या आशेनंच गेलो होतो. तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एक पाना काढला, परत अडकवला. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की तो रडतोय. म्हणत होता, “बरोबर होता. बर्नर बरोबर होता.” पुन्हा पुन्हा तेच.

त्याची बायको दाराशी उभी होती. शांतपणे म्हणाली, “वर्षभर हे जेवताना मध्येच थांबायचे. मी विचारायची, काय झालं? म्हणायचे, एक माणूस मारला मी. माझ्या मुलीला कडेवर घ्यायला हे घाबरतात, काका. हात चांगले नाहीत म्हणतात.” मग तिनं माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलला. “तुम्ही आता जा. वयाला मान देऊन आत घेतलं. आता जा.”

मी खाली आलो. ही पायरीवर तशीच बसली होती, सगळं ऐकू आलं होतं तिला. वाटेत तिनं माझा हात धरला. वर्षभरात पहिल्यांदा. आधार म्हणून की माझी कीव आली म्हणून, ते मी विचारलं नाही.

— बाबा


१४ डिसेंबर

पोरी,

‘तारखेला मी येते आहे.’ तुझं कार्ड नऊ तारखेला मिळालं. चार शब्द, खाली सहीसुद्धा नाही. ते मी कितीदा वाचलं ते सांगत नाही.

परवा कचेरीत जे तुझ्यासमोर झालं ते तुला माहीत आहे. जे तुझ्या माघारी झालं ते सांगायला आपल्या बोलण्यापासूनच सुरुवात करतो.

मी माझा जबाब देऊन बाहेर आलो तेव्हा तू खांबाशी उभी होतीस. किती वाळली आहेस. तू विचारलंस, “फोनचं सांगितलंत?”

मी म्हणालो, “ते सांगायची गरज नव्हती. त्यांनी विचारलं, कोणी सांगितलं होतं का बंद करायला? मी म्हटलं, कोणी नाही. माझ्याच मनानं.”

तू म्हणालीस, “म्हणजे आजही खोटंच.”

मी म्हणालो, “एवढंसं राहू दे, पोरी. कोणाचं वाईट होत नाही त्यानं.”

तू म्हणालीस, “बाबा, माझं होतं.” आणि दार ढकलून आत गेलीस.

तू आत असताना मी बाकावर बसलो होतो. दुसऱ्या टोकाला गिझरवाला, त्याचा नंबर तुझ्यानंतर होता. मधे चार माणसं मावतील एवढी जागा. तो म्हणाला, “त्या कशाला गेल्या आत? त्यांचा काय संबंध?”

मी फोनचं सांगितलं.

तो म्हणाला, “तुम्ही अडवलं नाहीत?”

“अडवलं. ती ऐकत नाही माझं.”

“बरं केलं त्यांनी,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला जमणार नाही ते. पण त्यांना सांगा, थंडीत लेकरासाठी झरोका बंद करा म्हणून मला बायका रोज विचारायच्या. मी समजावून सांगायचो. ते माझं काम होतं. त्यांचं विचारणं साधं होतं.”

त्यानं सांगायला सांगितलं, म्हणून सांगतो. माझ्या तोंडून तुला ते पटलं नसतं, त्याच्याकडून कदाचित पटेल.

तू बाहेर आलीस तेव्हा चेहरा पांढराफटक होता. हिनं तुला जवळ घेतलं आणि तू घेऊ दिलंस. मी लांबच थांबलो. तेच बरं होतं.

आता पुढचं. गिझरवाल्यावरची चौकशी बंद होते आहे, लायसन्स परत मिळायला महिना-दोन महिने लागतील. माझ्यावर नवीन प्रकरण दाखल झालं आहे, पुरावा लपवल्याचं आणि खोट्या जबाबाचंही. वकील म्हणतात, वय बघून थोडक्यात निभेल. मी त्यांना सांगितलं, वयाचा विषय काढायचा नाही. माझं वय तेव्हाही हेच होतं. ते वैतागले आहेत माझ्यावर. वैतागू देत.

ही माझ्याशी बोलते, लागेल तेवढं. काल तिनं दोन कप चहा केला आणि माझा कप माझ्याजवळ आणून ठेवला. जानेवारीत मला आत जावं लागलं तर तिनं तुझ्याकडे यावं असं तू म्हणालीस, ते मी तिला सांगितलं. ती विचार करते आहे. तुला जड होणार नसेल तर तिचा हट्ट मोडून ने. एकटी राहण्याजोगी ती आता नाही, आणि छोटीला आजी हवी.

छोटीबद्दल एकच मागतो. तिला आज काही सांगू नकोस, सात वर्षांच्या पोरीनं हे कुठे ठेवायचं? पण ती मोठी होईल आणि एक दिवस विचारेल, माझे बाबा कसे गेले? तेव्हा तिला सांभाळून घ्यायला म्हणून काही गोड रचू नकोस. मी नसेन तर तेवीस नोव्हेंबरचं पत्र तिच्या हातात दे. मी असेन तर तिला माझ्याकडे पाठव. दारात उभी राहून विचारू दे मला. मी सांगेन.

— बाबा